पंचनाम्यातली ओल

शिरूरच्या त्या दवाखान्यात मी पंच म्हणून गेलो होतो. दुपारचे तीन वाजले होते. सोनोग्राफी यंत्राचं सील काढायचं, सही करायची, दौंडला घरी परतायचं. एवढंच काम.

सील लागलं होतं माझ्याच बातमीमुळे. यंत्राची नोंद खालच्या खोलीची, आणि ते फिरायचं वर अतिदक्षता विभागात. गर्भलिंग तपासणीबंदीच्या कायद्यात हे बसत नाही. मी ठणकावून छापलं. डॉ. तेजश्री तेव्हा सांगत होत्या, "व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या उजव्या बरगडीखाली गार जेल लावून श्वासाचा पडदा किती हलतो ते बघते. नीट हलला, तरच नळी काढते." मी तेही छापलं, 'बहाणा' म्हणून.

सील लागल्याच्या तिसऱ्या दिवशी वडगाव रासाईच्या सर्जेरावांची नळी डॉक्टरांना अंदाजानं काढावी लागली. संध्याकाळी पडदा थकला. नळी परत घालेपर्यंत ते गेले.

चार महिन्यांनी खोली उघडली. कोंदट, फिनेलचा वास. लाखेचं सील शाबूत, खाली सील लावतानाची माझीच जुनी सही. डॉक्टरांनी कापड काढलं, अंगावर फिरवायचा प्रोब उचलला आणि तशाच थांबल्या.

"जेल ओलं आहे…"

"पुसायचं राहिलं असेल," मी म्हणालो.

"चार महिने? ते तासाभरात सुकतं."

दाराशी सर्जेरावांच्या पत्नी कस्तुराबाई उभ्या होत्या. मृत्यूचा दाखला न्यायला आल्या होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "तवा हे मशीन चालू असतं, तर कळलं असतं का वो?"

डॉक्टरांनी प्रोब खाली ठेवला. मी म्हणालो, "कायदा होता, मावशी."

"व्हय. तुमी शिकलेली मानसं." त्यांनी आपल्या उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "नळी काढल्याव त्ये येकच बोलले. म्हनले, आज डाक्टरबाई हितं गार लावत न्हाईत… का गं?"

मी पंचनाम्यावर सही केली. 'यंत्र सुस्थितीत.' पत्रकारितेच्या सत्तावीस वर्षांत कधी ओळ गाळली नव्हती. ओल्या जेलची गाळली.

घरी शर्ट काढला, तर उजव्या बरगडीखाली बनियन तळहाताएवढं ओलं. चिकट. गार.

तेव्हापासून रोज तीन वाजता तिथं काहीतरी गार टेकतं. श्वास घेतला की किंचित सरकतं, बघितल्यासारखं. कोणाला बोललो नाही. खरं सांगू? सवय झाली होती.

आज तीन कधीच वाजून गेले, संध्याकाळ होत आली. मी शर्ट वर करून बसलोय.

अजून गार लागलेलं नाही…