पार्टिशनमागचा लंबू

मुलांना वाचायला शिकवणारं ॲप अजून कच्चंच होतं, पण त्याची चाचणी आज व्हायचीच होती. मॅडमच्या विद्यार्थ्यांना त्याचं काही वाटायचं नाही. ॲप तयार होईपर्यंत यंत्राचं सोंग माणसाने घ्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्यांच्यातल्या लंबूने लॅपटॉप घेऊन पार्टिशनमागे बसायचं, कान देऊन ऐकायचं, आणि तो टाइप करेल ते पलीकडच्या टॅबने बोलून दाखवायचं. मुलाला वाटायचं, टॅबच आपल्याशी बोलतोय. अडचण एकच, लंबूचं डोकं पार्टिशनच्या वर दिसायचं.

आज दिसत नव्हतं. "काल झापलं ते लागू पडलं म्हणायचं," मॅडम दुसऱ्या विद्यार्थिनीच्या, चष्मेवालीच्या कानात पुटपुटल्या.

टॅबसमोर मॅडमचीच मुलगी बसली होती, बिट्टी. शाळेत वाचताना ती एकदा अडखळली आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला, तेव्हापासून तिने मोठ्याने एक अक्षर वाचलं नव्हतं. जगाच्या पोरांसाठी साधनं करायला शिकवायचं आणि स्वतःच्या पोरीपुढे हात टेकायचे, हे मॅडमना फार लागायचं. त्या तिच्या शेजारी बसल्या.

"घाई नाही गं," टॅब म्हणाला. "शब्दाखाली बोट ठेव. दुखरं नको, दुसरं."

बिट्टीने नख तुटलेलं बोट मिटून दुसरं ठेवलं.

"लंबूला तिकडून कसं दिसलं?" चष्मेवाली कुजबुजली.

"ती आत येताना पाहिलं असेल. गप्प बस ना!"

"ब... बदक पाण्यात शिरलं," बिट्टीने वाचलं. मग दुसरी ओळ. तिसरी तर एका दमात! चष्मेवालीने तोंडावर हात दाबून जागच्या जागी उडी मारली. मॅडमचे डोळे भरून आले. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना फोन करून सांगावं असं त्यांना झालं.

तेवढ्यात दार ढकलून लंबू आत आला, धापा टाकत, काखेत लॅपटॉप.

"सॉरी मॅडम, लिफ्टमध्ये अडकलो होतो. सुरू नाही ना केलंत?"

चष्मेवालीने पार्टिशनमागे डोकावून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. तिने घाईघाईने टॅब बंद केला. काच काळी पडली.

बिट्टी वाचतच होती. तिचं बोट काळ्या काचेवरून सावकाश सरकत होतं.

"ताई दोन पावलं मागे जाते. दादाच्या हातून लॅपटॉप निसटतो."

चष्मेवाली मागे सरकली. लॅपटॉप फरशीवर आपटला.

मॅडमनी टॅब ओढून घ्यायला हात पुढे केला. तरी आत आनंद उसळत होता. किती सुरेख वाचत होती पोर!

"आई हात मागे घेते."

मॅडमनी खाली पाहिलं. हात मांडीवर होता.

बोट पुढच्या ओळीवर आलं.

"आई म्हणते, पुढे वाच." बिट्टी थांबली. मान वर करून, हसऱ्या चेहऱ्याने वाट बघू लागली.

"पुढे वाच," मॅडम म्हणाल्या.