लाइलच्या सापळ्यातले पतंग

"माझ्या माश्या मेल्या आणि लोक मलाच शहाणपण शिकवताहेत," म्हणत व्हर्ना प्रिलने मधपेटीचं झाकण इर्मा सोबचॅकच्या टेबलावर आपटलं. त्यात मेलेल्या मधमाश्यांचा ढीग होता.

विस्कॉन्सिनच्या त्या दलदलीत क्रॅनबेरीची, म्हणजे आंबट लाल बोरांची, झुडपं फुलली की परागीकरणासाठी व्हर्नाच्या पेट्या वाफ्यांशेजारी येत. फुलोऱ्यात फवारणी बंद, हा बागायतदारांचा नियम. ज्याच्या अळ्या बेरी पोखरतात तो पतंग सापळ्यात आला तरच सूट. बागायतदार लाइल गुंडरसनने फवारलं होतं, आणि सापळाही दाखवला होता. दुपारी बागायतदारांच्या बैठकीत पेट्या वेळेत हलवल्या नाहीत म्हणून व्हर्नावरच ठपका आला, तर तिला पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं.

तपासाचा धंदा इर्माचा. गाडी आणि बडबड दिराची, गार्थची.

"सोपं असतं, वहिनी. सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास. नर भुलतात, गोंदाला चिकटतात."

"भाऊजी, हे तुम्ही सकाळपासून सांगताय."

दोघं बागेत पोचताच लाइलने सापळा पुढे केला. "पाहा पोटभर. माझ्याशिवाय कोणी हात लावलेला नाही."

इर्माने भिंग लावलं. नखाएवढे करडे पतंग, पंखांवर पांढरे डाग, तोंडापुढे सोंड. पोटं टम्म फुगलेली. गोंदात चपटी, फिकट अंडी.

"तोच पतंग आहे," ती म्हणाली.

"मग लाइल खरा. चला घरी," गार्थ म्हणाला.

"जरा तोंड मिटता का?"

लाइलकडचा फवारणारा गडी रॉस्को वैतागलेलाच होता. "मालक म्हणाले, मी फवारलं. सापळा नंतर पाहिला. पतंग काय, त्यांच्या ओसरीच्या दिव्याखाली रोज झाडून काढतो."

बैठकीत इर्माने सापळा सर्वांसमोर ठेवला.

"पतंग कोणता, यावरच तुम्ही डोकं फोडताय. जात बरोबर आहे. पण वास मादीचा, त्याला येणार नर. मग ही अंडी कोणी घातली, भाऊजी?"

गार्थने कान खाजवला. "म्हणजे या माद्या?"

"उजाडलं एकदाचं. दिव्यावर नर येतात, माद्याही येतात. ओसरीवरचे उचलून गोंदात दाबले. आणि सापळ्याला हात फक्त लाइलचा, त्याच्याच तोंडचं आहे."

लाइलने सापळा स्वतःकडे ओढला. "गेल्या वर्षी निम्मं पीक पोखरलं होतं. यंदा सापळा रिकामाच राहिला, पण मला धीर निघेना. चुकलं. माश्या काय, पुन्हा आणता येतील."

"पुढच्या वर्षी," व्हर्ना म्हणाली. "तुझी निम्मी फुलं अजून माशीची वाट बघताहेत, लाइल. त्यांना फळ कोण धरवणार?"

लाइलने खिडकीतून वाफ्यांकडे पाहिलं. फुलांवर काहीच हलत नव्हतं.