बाळाचा खरा रंग

पृथ्वीवरच्या डॉक्टरीणबाईंचा निरोप पुन्हा तोच आला. फोटो पाहिले, बाळाचा रंग उत्तम आहे, काळजी नको. मग बाळ दूध का ओढत नव्हतं? हाका मारल्या तरी डोळे का उघडत नव्हतं?

मंगळावरच्या तांबडमाळ वसाहतीत याचं उत्तर कुणापाशीच नव्हतं. धुळीच्या वादळानं सौरपट्ट्या झाकून टाकल्या होत्या आणि वीज जपायची म्हणून जिकडेतिकडे मिणमिणते पिवळे दिवे लावलेले. त्या उजेडात आई पिवळी, भिंती पिवळ्या, बाळही पिवळं. डोळ्यांवर विश्वास ठेवायची सोयच नव्हती. रक्त तपासायचं यंत्रही नेमकं आत्ताच बंद पडलेलं. उरला टकमक, दवाखान्यातला यंत्रमानव. तो रोज स्वतःच्या पांढऱ्या फ्लॅशमध्ये बाळाचा फोटो काढायचा. पाठवण्याआधी तो नीटनेटका करायचं काम मात्र चारुतानं हट्टानं मागून घेतलं होतं. बाळाची ताई ना ती!

आता आई बाळाला छातीशी धरून नुसती बसून होती. रडून रडून तिचा आवाजही गेला होता. चारुताला ते बघवेना. ती तडक अण्णाआजोबांकडे गेली. आजोबांचं सगळं आयुष्य कॅमेरे बनवण्यात गेलेलं. त्यांनी फोटो पाहिला आणि एवढंच विचारलं, यावर तू काय काय केलंस?

चारुतानं मान खाली घातली. पृथ्वीवरची नातेवाईक मंडळी पहिलं हेच विचारत होती, बाळ गोरं आहे ना? ‘पोरगी सावळी निघाली हो’ हे तिनं स्वतः लहानपणापासून ऐकलं होतं. भावाच्या वाट्याला ते येऊ नये, म्हणून तिनं फोटोतले रंग बदलणारी ‘उजळ’ नावाची प्रोफाइल निवडली. रंग पडताळता यावेत म्हणून टकमक बाळाशेजारी रंगीत चौकोनांची पट्टी ठेवायचा, तीही बरी दिसत नाही म्हणून कापली. वादळात जड फाइल जात नव्हती, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनाही हाच गोंडस फोटो गेला होता.

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्यांनी टकमकला रॉ फाइल (कॅमेऱ्यानं मोजलेल्या प्रकाशाची कच्ची नोंद) उघडायला सांगितली.

“यात रंग नाहीत, चारू. नुसते आकडे आहेत,” ते म्हणाले. “लाल, हिरवा, निळा उजेड कुठं किती पडला, एवढंच.”

त्या आकड्यांतून कुठला रंग दाखवायचा, हे कलर प्रोफाइल (आकड्यांचे रंग करण्याचे नियम) ठरवते. कणीक एकच, तिची पोळी करा नाहीतर पुरी, तसंच हे. कुठली प्रोफाइल झाडं हिरवीगार करते, कुठली कातडी गोरी. आकडे तेच राहतात, दिसतं मात्र वेगळं.

आजोबांनी अख्खा फोटो ‘उजळ’मध्येच उघडला, पट्टीसकट.

“आता सांग, पट्टीवरचा पिवळा चौकोन कुठं गेला?”

तिथं दुधासारखा फिकट चौकोन होता. मग आजोबांनी अशी प्रोफाइल लावली, जिच्यात पट्टीवरचा प्रत्येक चौकोन आपापल्या खऱ्या रंगात आला. पिवळा पिवळा झाला. आणि त्याच्याशेजारी बाळ, हळद फासल्यासारखं पिवळंजर्द.

“कावीळ,” आजोबा कसंबसं म्हणाले.

कच्च्या फायली शाबूत होत्या म्हणून सगळे फोटो पुन्हा खऱ्या रंगात करता आले. ते गेले आणि उत्तर लगोलग आलं. बाळाला ताबडतोब निळ्या उजेडाखाली ठेवा. हा उजेड कातडीतलं पिवळं द्रव्य मोडतो, मग शरीर ते बाहेर टाकतं. पण उशीर झालाय. अशा काविळीनं बाळाचे कान जाऊ शकतात.

रोपघरातले निळे दिवे काढून आणले. अख्ख्या पालकानं माना टाकल्या, पण कुणी ब्र काढला नाही. चारुता पाळण्याजवळ बसून राहिली. आपणच केलं हे, आपल्या हातानं केलं. आई तिला जवळ ओढायची, तेव्हा तर तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हळूहळू बाळ दूध ओढू लागलं. पिवळेपणा उतरला आणि खालून त्याचा स्वतःचा रंग वर आला. सावळा, अगदी तिच्यासारखा. चारुता त्याला बघून ढसाढसा रडली. त्याच्या कानाशी टाळी वाजवून बघायचा धीर मात्र तिला होत नव्हता. कुणालाच होत नव्हता.

वादळ ओसरलं, बारसं ठरलं. आजोबांनी आपला जुना कॅमेरा तिच्या हाती दिला. तिनं बाळाशेजारी रंगपट्टी ठेवली, नेम धरला आणि बटण दाबलं. जुन्या कॅमेऱ्याचा खटका खाडकन वाजला. बाळ दचकलं, दोन्ही हात हवेत उडाले आणि त्यानं भोकाड पसरलं.

आई धावत आली आणि दारातच थबकली.

फोटो हललेला आला होता. चारुतानं तो तसाच, पट्टीसकट, खऱ्या रंगात पृथ्वीवर पाठवला. खाली लिहिलं, ‘बाळ सावळं आहे आणि त्याला ऐकू येतं.’