हरकत आहे का?

नारीन शहरातल्या वरच्या कोर्टात आयचुरेक भर दुपारी आली, ती घर परत मागायला. वारलेल्या नवऱ्यानं स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर खालच्या कोर्टानं दिराच्या घशात घातलं होतं. निकालाआधी दिराकडे जेवणावळ झाली. रिवाजाप्रमाणे मेंढीचं डोकं मानाच्या पाहुण्यापुढे, म्हणजे खालच्या कोर्टाचे न्यायाधीश असाकेयेव यांच्यापुढे ठेवलं गेलं, आणि त्यांनी त्यातला डोळा काढून दिराला भरवला. डोळा देतात तो ज्याच्याशी घरोबा वाढवायचा त्यालाच. अख्ख्या गल्लीनं ते पाहिलं होतं. तिच्या अपिलाचा मुद्दा हाच. पण मध्येच असाकेयेव वारले आणि साक्षीदारांनी शेपूट घातली. मेलेल्याकडे बोट कोण दाखवणार? बाई मात्र हट्टाला पेटली होती.

खोलीत कोळशाचा धूर आणि ओल्या कोटांचा वास कोंडला होता. तीन न्यायाधीश येऊन बसले. मधल्या उमसुनाईबाईंनी कायद्याप्रमाणे विचारलं, "आम्हा तिघांपैकी कुणाबद्दल हरकत आहे का?"

आता समोर बसलेल्या मोठ्या माणसाला तोंडावर 'तुम्ही नकोत' कसं म्हणायचं? आयचुरेक मान खाली घालूनच म्हणाली, "छे छे, कसली हरकत!"

मग तिनं वर पाहिलं. कडेच्या खुर्चीत असाकेयेव बसले होते.

तिनं वकिलाची बाही ओढली. "मेदेर... ते तर वारले ना?"

"काहीतरीच काय, एजे!" थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणत मेदेर कुजबुजला. "तालासहून आलेले नवे साहेब आहेत."

"अरे, नीट बघ... तेच आहेत."

"हरकतीची वेळ गेली. आता गप बसा, नाहीतर कोर्ट म्हणेल बाईला वेड लागलंय."

खरंच लागलंय का, तिला कळेना. त्यांचा जनाजा निघाला तेव्हा ती स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभी होती. इथं तर तोच माणूस तिच्या कुजबुजीतल्या एकेका शब्दावर मान डोलावत होता. नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास येत होता, की तोही भासच? न राहवून ती उठली.

"माझी हरकत आहे!"

"विचारलं तेव्हा नाही म्हणालात," उमसुनाईबाई म्हणाल्या. "बसा."

न्यायाधीश आत गेले, बाहेर आले. बाईंनी निकाल वाचला. अपील फेटाळलं, घर दिराचं. मेदेरनं आयचुरेकला धरून बाहेर आणलं.

पाठोपाठ उमसुनाईबाई आल्या. चेहरा पांढराफटक.

"थांबा... मी आत काय वाचलं?"

"फेटाळलं म्हणालात," आयचुरेक म्हणाली.

"पण आम्ही दोघांनी तर घर तुम्हाला दिलं होतं... दोघांनी. ते तिसरे काही बोललेच नाहीत..."

एवढ्यात खालच्या मजल्यावरचा कारकून धापा टाकत जिना चढून आला.

"बाई, तालासच्या साहेबांचा फोन होता. खिंडीत बर्फ पडलंय, सकाळपासून तिथंच अडकलेत. सुनावणी पुढं ढकलायची का?"

सगळे कोर्टाच्या दाराकडे बघत राहिले. ते आतून बंद झालं होतं, आणि पलीकडून पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.