चौथा प्रश्न

गंगापूर रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझे कागद पंख्याच्या वाऱ्याने उडाले आणि एक थेट त्याच्या चपलेपाशी जाऊन पडला. उचलून गुपचूप द्यावा की नाही! हा उभा राहून वाचायलाच लागला.

"प्रश्न चौथा. आपला मित्र लाजर आजारी आहे हे कळूनही येशू उशिरा का पोचला?" त्याने वर पाहिलं. डोळे इतके शांत, की बाकीचे कागद गोळा करायचे मी विसरलेच. "याचं उत्तर आहे तुझ्याकडे?"

"आठही प्रश्नांची आहेत!" मी हनुवटी उचलली. "आज पाच वाजता चर्चच्या मागच्या खोलीत आमच्या गटाचा बायबल अभ्यास मी घेणार आहे. पहिल्यांदाच! ये की."

"येतो, मॅडम."

मॅडम! दहावीतल्या मुलीला!

...आणि तो खरंच आला. नाव जीवन, माझ्याच वयाचा, मनमाडहून मामाकडे शिकायला आलेला. दाराजवळची खुर्ची धरून बसला.

आमच्याकडे सुरुवातीला प्रत्येकजण बायबलमधलं एकेक पाठ वचन म्हणतो. ज्याचं पाठांतर नसतं, तो लाजराच्या कबरीपाशीचं 'येशू रडला' हे दोन शब्दांचं वचन म्हणून मोकळा होतो. आमचा ललित तर वर्षभर तेच म्हणतोय. जीवननेही तेच म्हटलं.

"आला माझा पार्टनर!" ललित ओरडला. सगळे हसले. मीही हसले, वर म्हणाले, "पहिल्याच दिवशी शॉर्टकट होय रे?"

"छोटं आहे म्हणून नाही म्हटलं," तो हळूच म्हणाला.

मी ऐकलं – आणि पुढे रेटलं. चौथा प्रश्न आला तेव्हा वहीतून खणखणीत वाचलं, "देवाची वेळ आपल्यापेक्षा वेगळी असते. तो कधीच उशीर करत नाही."

"माझी आई मार्चमध्ये गेली," जीवन म्हणाला. "मामा, पाळकसाहेब, अख्खी मंडळी प्रार्थना करत होती. मग तिच्यासाठी... कुठली वेळ होती?"

माझ्या उत्तराच्या अजून तीन ओळी उरल्या होत्या, निळ्या शाईतल्या, सुबक. जीवन बायबल मिटून उठला. आता गेला तर हा पुन्हा कधीच इथे येणार नाही, हे मला लख्ख कळलं.

"थांब," मी म्हणाले. "मला माहीत नाही, जीवन. हे मी घरी बसून लिहिलंय... माझं अजून कुणी गेलेलंच नाही. आणि मघाशी मी हसले, ते चुकलं माझं."

तो उभाच.

"मेलेल्या लाजराला पुन्हा जिवंत उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो आधी रडला. का, याचा मी कधी विचारच केला नाही. तू... तू ते वचन का म्हटलंस?"

तो खाली बसला.

"आई गेल्यावर जो तो मला म्हणायचा, रडू नको," तो म्हणाला. "येशू एकटाच तसं म्हणाला नाही."

ललितने आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. पुढचे चार प्रश्न राहूनच गेले. शेवटची प्रार्थना मी घोकून आणली होती, ती ओठांवर येईना. आम्ही नुसते डोळे मिटून बसलो.

सगळे गेले तेव्हा तो बाहेर पायरीपाशी थांबला होता.

"मी आजच्यापुरताच आलो होतो," तो म्हणाला. "खरं सांगू? तुझी जिरवायला."

"जिरली."

तो हसला – पहिल्यांदाच. एका गालाला खळी पडते त्याच्या.

"पुढच्या रविवारी येशील?" मी विचारलं.

"का? गटाला बरं वाटेल?"

"गटालाही..." माझे कान तापले. "पण जास्त मला."

वाटलं, आता चिडवणार. पण तो पायरीवर बसला, शेजारची धूळ हाताने झटकली.

"घाई आहे तुला?"

"नाही."

"मग बस ना थोडी. आई उपासनेत सगळ्यांच्या आधी गाणं सुरू करायची – आणि पार बेसूर! ते सांगायचंय तुला."

मी बसले.