भेगेवरची कागदाची पट्टी

सन २०१८ च्या डिसेंबर महिन्यातील सतरा तारखेची ती सकाळ होती. तलासरी गावावरील धुके अद्याप पुरते विरले नव्हते. एवढ्यात जमिनीच्या पोटातून तो परिचित गडगडाट ऐकू आला आणि मांडणीवरील पितळी भांडी किणकिणू लागली.

पुष्पाने हातातील लाटणे टाकले व ती बाहेरच्या खोलीकडे धावली. तेथे खिडकीजवळ सिसिलियाबाई आपल्या लाकडी खुर्चीत बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे निकामी. नोव्हेंबर महिन्यापासून डहाणू-तलासरीच्या भूमीला हे हादरे बसू लागले होते, आणि प्रत्येक हादऱ्यास बाईंसह ती खुर्ची उंबरठ्याबाहेर ओढून नेणे हे त्यांच्या देखभालीस ठेवलेल्या पुष्पाचे कर्तव्य होऊन बसले होते. रात्र नाही, दिवस नाही. चोवीस वर्षांच्या त्या तरुणीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे उमटली होती.

आज मात्र खुर्चीचा पाय उंबरठ्यात अडकला.

"सोड मला! तू तरी बाहेर जा, पोरी!" बाई ओरडल्या.

"गप्प बसा हो बाई!"

त्याच क्षणी रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. एक तरुण अंगणात धावत आला आणि त्याने खुर्चीची पुढील बाजू उचलली. एका दमात खुर्ची अंगणात आली. धरणी शांत झाली. खुर्चीच्या दोन बाजूंस उभे राहून ते दोघे धापा टाकीत एकमेकांकडे पाहत राहिले... त्याच्या केसांत सिमेंटची धूळ होती, तिच्या गालावर कणकेचा पांढरा पट्टा होता.

"आता खाली ठेवा मला," बाई म्हणाल्या. "वरात काढताय का माझी?"

त्याचे नाव जतीन. विवळवेढ्याचा राहणारा, व्यवसायाने गवंडी. भूकंपाच्या दिवसांत गवंड्यास विश्रांती कोठली? घरोघरी भिंती तडकल्या होत्या व प्रत्येकाला तोच हवा होता. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. तरीही जाता जाता त्याची नजर बाहेरच्या खोलीतील भिंतीवर गेली. तेथे छतापासून खाली एक भेग उतरली होती.

"ही नवी का जुनी?" त्याने विचारले.

"काय माहीत? आम्ही पळतो तेव्हा भिंतीकडे कोण बघतं?" पुष्पा म्हणाली.

तेव्हा त्याने बाईंकडून एक कोरा कागद मागून घेतला, त्याची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि पुष्पाने कालवून दिलेल्या मैद्याच्या खळीने ती भेगेवर आडवी चिकटवली. कानावरील पेन्सिल काढून त्याने तीवर तारीख लिहिली.

"भिंत सरकत असली तर पट्टी फाटेल. अखंड राहिली तर घाबरायचं नाही. भिंत कधी खोटं बोलत नाही. मी उद्या येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच आला.

"पट्टी कशी आहे?"

"बरी आहे. तिची तब्येत विचारायला विवळवेढ्याहून आलात?"

"छे! इकडं पलीकडच्या आळीत काम होतं."

"कुठल्या आळीत?"

"...पलीकडच्या."

बुधवारी त्याने रुमालात बांधून चार चिकू आणले.

"हे पट्टीसाठी?" तिने भुवई उंचावली.

"पट्टीला दात नाहीत. तुम्हाला आहेत, ते पण तिखट."

ती हसली. किती दिवसांनी हसली, हे तिचे तिलाच आठवेना. तो ओटीवर अर्धा तास बसे, म्हणून तीही बसे. बोलणे थोडेच होई. कधी तो बोलता बोलता भिंतीला डोके टेकून डोळे मिटी, कधी तिच्या हातातील चहा निवून जाई. परंतु दिवसभराच्या धावपळीत तेवढाच अर्धा तास तिची पाठ विसावत असे. थकलेल्या जीवाला दुसऱ्या थकलेल्या जीवाची सोबत किती गोड वाटते, हे तिने पूर्वी कधी अनुभवले नव्हते.

गुरुवारी त्याने भेग निरखून पाहिली. चार दिवसांत पाच धक्के बसले होते, पट्टी मात्र ताठ होती.

"भिंत पक्की आहे. आता मी आठवड्याने आलो तरी चालेल," तो म्हणाला. "बारा घरं बाकी आहेत माझी. पट्टी फाटली तर या नंबरावर फोन करा."

"या की सावकाश. आम्ही कुठं बोलावतोय?" ती उत्तरली. मात्र तो निघून गेल्यावर ती बराच वेळ रिकामी कपबशी हातात घेऊन उभी होती.

एरवी शनिवार-रविवार शेजारीण बाईंजवळ थांबे आणि पुष्पा कैनाडला आपल्या घरी जात असे. ह्या शनिवारी ती थांबली, कारण नाताळ मंगळवारी होता आणि बाईंना तो ह्याच घरात साजरा करावयाचा होता. नाशिकला असलेला मुलगा विल्सन महिनाभर "माझ्याकडे चल" म्हणून विनवीत होता. "नाताळ माझ्या घरी," हे बाईंचे एकच उत्तर ठरलेले. त्या गेल्या तर पुष्पाचेही ह्या घरातील काम संपणार होते.

सकाळी त्या दोघींनी बांबूच्या कामट्यांची चांदणी करून दारावर टांगली. येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्यासाठी पुष्पाने भाताचा पेंढा पसरला. बाई मातीच्या मेंढ्या एकेक पुसून तिच्या हाती देत होत्या.

"आणि बाळ?" पुष्पाने विचारले.

"बाळ चोवीसच्या रात्री ठेवायचं. त्याआधी गव्हाण रिकामी."

"आमच्यात रिकामा पाळणा चांगला मानत नाहीत, बाई."

"आमच्यात वाट बघणं चांगलं मानतात," बाई हसल्या आणि खुर्चीतच पेंगू लागल्या.

घर निःशब्द झाले. पुष्पा भिंतीपाशी गेली. पट्टीवरील ते पेन्सिलीचे आकडे ती पाहत राहिली. आठवडा... म्हणजे पुढचा गुरुवार. तिच्या मनात कोणतेही कपट नव्हते, होता तो केवळ थकवा, आणि त्या अर्ध्या तासाची ओढ. तिने नख लावले. कागद बारीक आवाज करून फाटला.

"हॅलो... मिस्त्री? पट्टी फाटली."

तो पंचवीस मिनिटांत आला. तिला वाटले होते की तो हसत येईल, ओटीवर बसेल, चहा मागेल. परंतु त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो तिच्याकडे न पाहता थेट भिंतीकडे गेला, फाटलेल्या कागदावर बोट ठेवून उभा राहिला आणि नंतर बाईंसमोर येऊन हात जोडून म्हणाला —

"बाई, हे घर सोडा. भिंत चालायला लागली. आजची रात्र अंगणात झोपा, आणि उद्याच मुलाकडे जा."

"अरे, पण नाताळ..."

"नाताळ पुढच्या वर्षीही येतो, बाई. भिंत एकदाच येते अंगावर."

पुष्पाने मान खाली घालून फोन बाईंच्या हाती दिला. बाईंनी विल्सनला फोन लावला. तो रविवारी संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन येतो म्हणाला. फोन ठेवून बाई एवढेच बोलल्या, "पोरी, ती चांदणी उतरव."

रविवारी सकाळी पुष्पा बाईंच्या साड्या पेटीत भरत होती. प्रत्येक साडीगणिक तिचे हात जड होत होते. मळलेली कणीक ताटाखाली तशीच पडून होती. इतक्यात जतीन भिंतीला टेकू लावण्यासाठी खांद्यावर दोन बांबू घेऊन आला. त्याने ते अंगणात टाकले आणि ओटीच्या पायरीवर मटकन बसला.

"मिस्त्री... टेकू लावू नका."

"का?"

"भिंतीनं पट्टी फाडली नाही." ती दारात आडवी उभी राहिली. "मी फाडली."

तो तिच्याकडे पाहतच राहिला.

"कशाला?"

"तुम्ही आठवड्याने येणार म्हणालात... मला तेवढं थांबवेना."

मग तो एकदम उठला. "अगं बाई! रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या! भिंत पडली तर, तू आत असलीस तर... दोनदा गाडी काढली मी! आणि तू..."

त्याने तिला प्रथमच 'तू' म्हटले होते. रागाने म्हटले होते, तरी ते तिच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही.

"शिव्या द्या हव्या तर," ती रडत म्हणाली. "पण बाईंचं घर सोडवू नका. चूक माझी आहे."

"शिव्या द्यायला अंगात जोर पाहिजे," तो पुन्हा पायरीवर बसला. त्याचा राग जसा चढला तसाच उतरला होता. "नुसतं फोन करून 'या' म्हणाली असतीस, तरी आलो असतो ना मी."

"असं कसं म्हणणार? काही कारण नको?"

"मला पण हवंच होतं की कारण. पलीकडच्या आळीत माझं कसलं काम होतं?"

आतून बाईंचा खणखणीत आवाज आला. "नाताळाआधी कन्फेशनला मी चर्चमध्ये जाणार होते. इथं तर माझ्याच ओटीवर उरकतंय सगळं! या दोघंही आत!"

दोघे वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे खाली माना घालून आत गेले. बाईंनी चष्म्यातून पुष्पाकडे बराच वेळ पाहिले.

"तू मला सांगितलं असतंस, तर मीच फाडली असती," त्या म्हणाल्या. "पण खोट्यानं मला घराबाहेर काढत होतीस, हे विसरू नको."

"नाही विसरणार, बाई."

"आता शिक्षा. मिस्त्री, नवी पट्टी लाव. विल्सन येईपर्यंत दोघांनी तिच्यासमोर बसायचं. धक्का आला आणि पट्टी टिकली, तर मी इथंच राहीन. फाटली, तर मुकाट्यानं जाईन."

"एका धक्क्यानं पुरतं सांगता येत नाही, बाई," जतीन प्रामाणिकपणे म्हणाला. "पण आधीची पण पाच धक्के टिकली होती. तरी तुमची खाट त्या भिंतीपासून लांब ओटीवर राहील. त्यात माफी नाही."

"कबूल."

नवी पट्टी लागली. तीवर तेवीस तारीख पडली. भिंतीसमोर ते दोघे चटईवर बसले, आणि दोघांच्या मध्ये कणकेचे ताट आले. नाताळाचे कुलकुल, म्हणजे तळून खायचे गोड शिंपले, करावयाचे होते. कणकेची लहानशी गोळी नव्या फणीच्या दातांवर दाबून गुंडाळायची की रेघारेघांचा शिंपला तयार होतो. जतीनने थापीने हजारो भिंती सारख्या केल्या होत्या, त्याच्या अंगठ्याखाली शिंपले एकसारखे उमटू लागले.

"हे तर माझ्यापेक्षा चांगले जमतात," ती म्हणाली.

"प्लॅस्टरच आहे, फक्त गोड."

"हाताची धूळ धुतली होती ना?"

"तीनदा. तू बघत होतीस."

"मी पट्टी बघत होते."

"पट्टी इकडं आहे..."

बाहेर दुपार पसरली होती. कोठेतरी पेंढा जळल्याचा मंद वास येत होता. तिची मान वरचेवर खाली झुकत होती, त्याचीही. एकदा दोघांची कपाळे जवळजवळ आपटली आणि दोघेही दचकून सावरून बसले.

तीन वाजून गेल्यावर तो गडगडाट आला. ताटातील शिंपले थरथरले. दोघेही एका क्षणात उठले आणि न बोलता खुर्चीच्या दोन बाजूंस गेले. ह्या वेळी उंबरठ्यावर पाय अडकला नाही. बाई अलगद अंगणात उतरल्या.

"पट्टी?" बाईंनी विचारले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पट्टीकडे कोणीच पाहिले नव्हते.

"बघून येतो," जतीन वळला. तोच पुष्पाने त्याचे मनगट घट्ट धरले.

"नको! मागून अजून एक येतो कधी कधी. थांबा थोडं."

तो थांबला. तिने मनगट सोडले नाही आणि त्याने सोडविलेही नाही. बराच वेळ काहीच हलले नाही. मग दोघे मिळून आत गेले.

पट्टी अखंड होती.

बाईंनी फोन कानाला लावला. "विल्सन, न्यायला येऊ नको. सणाला ये. हो, भिंत बघितली. दोन माणसं बसवली होती मी बघायला." फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले आणि फर्मान सोडले, "मिस्त्री, चांदणी वर चढव. पोरी, तू पाच मिनिटं बस आता. नाहीतर उभ्या उभ्या पडशील."

पुष्पा ओटीच्या खांबाला टेकून बसली. तिच्या पापण्या मिटल्या. जतीन चांदणी बांधून खाली उतरला आणि हात पुशीत तिच्याजवळ पायरीवर टेकला.

"पुष्पा... पुढच्या रविवारी कैनाडला आलो तर? म्हणजे... तुझ्या बाबांना भेटायला. तसं विचारायला."

उत्तर आले नाही. तिचा श्वास संथ चालला होता. सहा आठवड्यांची झोप तिच्या चेहऱ्यावर उतरली होती. तिला जागे करण्याचे त्याच्या जिवावर आले. त्याने हळूच पिशवी उचलली, चप्पल पायात सरकवली आणि तो मोटारसायकलीकडे चालू लागला.

"सकाळी या," मागून आवाज आला. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. "दुपारी बाबा झोपतात."