धर म्हटलं की

दिवा राहू दे रे, पण तो मोबाइल ठेव बाजूला. ऐकायचं तर नीट ऐका. माझा साडू पियानोचे सूर लावून देतो, त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. गडी थापाड्या नाही. थाप मारायला गेलाच, तर दोन वाक्यांत उघडा पडतो.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. पियानो शिकवणाऱ्या एका बाईंनी त्याला संध्याकाळी घरी बोलावलं. बाईंना घर सोडून भावाकडे राहायला जायचं होतं, सकाळी गिऱ्हाईक पियानो न्यायला येणार होतं. बाई एका पायाने अधू. वर्षापूर्वी त्यांची एकुलती एक पोर तापाने गेली, तेव्हापासून त्यांनी पियानोचं झाकण उघडलं नव्हतं.

आता पियानोचं कसं असतं, पायाखालचं पेडल दाबलं की तारांवरचे नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे वर उचलले जातात आणि सूर घुमत राहतो. सोडलं की ते तारांवर बसतात, सूर गप्प. या पियानोत पेडलची दांडीच वाकलेली. साडूने ती काढून पिशवीत टाकली, घरी सरळ करून सकाळी बसवतो म्हणाला. म्हणजे आता पेडल दाबलं काय नि न दाबलं काय, सारखंच.

नऊ वाजून गेले. तार ताणायची शेवटची खुंटी ढिली होती. ती पिळताना साडू सवयीने पुटपुटला, "धर, बये, धर." मग सूर वाजवला, बोट उचललं.

सूर थांबला नाही.

त्याने आत पाहिलं. नमदे वर. सगळेच.

दारात बाई उभ्या होत्या. "माझा पाय चालत नाही ना," त्या हळूच म्हणाल्या. "ती खाली बसून दोन्ही हातांनी पेडल दाबायची. धर म्हटलं की धरायची. सोड म्हटल्याशिवाय... सोडायची नाही."

"मग सोड म्हणा ना, बाई."

बाई स्टुलावर येऊन बसल्या.

"जाताना माझा हात धरला होता तिने. तेव्हाही सोड म्हणवलं नाही मला..."

सूर घुमतच होता. बाईंनी खाली अंधारात पाहिलं. हसल्या.

"धर, बाळा."

साडू चपला न घालता पळाला.

सकाळी दांडी घेऊन गेला. दार त्याने टाकलं होतं तसंच उघडं. बाई स्टुलावरच. थंड. नमदे तारांवर बसलेले, घर चिडीचूप. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेल. पण अंगावर चादर घालताना साडूला बाईंचा अधू पाय दिसला. घोट्याभोवती लहान बोटांचे वळ होते... दोन्ही हातांचे.